खडपावर आणि खाडीच्या तोंडाशी गरवायचं कसं: तिथीपासून बर्फापर्यंत

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, सुरुवात करायची म्हटलं की नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो, रॉड कुठला घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. रॉड नंतर घ्या, आधी एका उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या दिवसातल्या) सुकतीला, म्हणजे ओहोटीला, रिकाम्या हाताने किनाऱ्यावर जाऊन या. पाणी पार उतरलेलं असताना जिथे उद्या गरी (आमिष लावलेला गळ) टाकायची आहे तिथला तळ डोळ्यांनी बघा. हे एवढं केलं की निम्मं काम झालं, आणि हे न करता पन्नास हजारांचं सामान घेतलं तरी खडपात (किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात) शिसं, म्हणजे गरीचं वजन, अडकवत बसण्यापलीकडे फार काही होत नाही. कोकणात पिढ्यानपिढ्या नुसत्या दोरीवर गरवणारी माणसं आहेत, रॉड नाही रील नाही, पण त्यांना कुठल्या तिथीला कुठल्या दगडापाशी तांबोशी येते हे पाठ असतं. त्यांच्याकडून शिकायचं ते हेच.

इथे जे लिहितोय ते रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग किनाऱ्यावर, खडपावरून आणि खाडीच्या तोंडाशी उभं राहून हौसेने गळाने मासे धरण्याबद्दल आहे. बोटीतून जाऊन सुरमई धरणं हा वेगळा विषय, त्यात आत्ता पडत नाही.

आधी तिथी

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब अजूनही सगळ्यात सोपा. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा झाली की वद्य प्रतिपदेपासून परत एक धरून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशोब मुंबईच्या आसपास बऱ्यापैकी जुळतो, तिथून दक्षिणेला जावं तशी भरती थोडी आधी येते, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याला गेलात तर अ‍ॅपमध्ये किंवा भरतीच्या कोष्टकात एकदा बघून घ्या आणि आपल्या जागेचा फरक किती पडतो ते लक्षात ठेवा.

आता या हिशोबाचा खरा उपयोग. बरेचसे मासे पहाटे आणि संध्याकाळी तोंड उघडतात, आणि पाणी चालू असताना उघडतात. थांबलेल्या पाण्यात मासा सुस्त असतो. म्हणजे आपल्याला असा दिवस पाहिजे की उजाडताना आणि मावळताना दोन्ही वेळेला पाणी जोरात चढत असेल. हिशोब घाला: द्वादशीला पूर्ण भरती नवाच्या सुमाराला, म्हणजे सुकती पावणेतीनला, आणि सकाळी सहाला पाणी भरतीच्या बरोबर मधोमध, सगळ्यात जास्त ओढीत. संध्याकाळचंही तसंच. म्हणून एकादशी ते त्रयोदशी हे खडपावरचे माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस, शुद्ध असो की वद्य. घरी एकादशीला मासा चालत नसेल तर द्वादशी धरा, काही बिघडत नाही.

खाडीसाठी मात्र तृतीया ते पंचमी बघा. त्या दिवसांत पहाट आणि संध्याकाळ दोन्ही सुकतीत पडतात. खाडीतलं पाणी उतरायला लागलं की खारफुटीत आणि चिखलात चरायला गेलेली बोयटं (लहान बोय मासे), कोळंबी सगळी त्या पाण्याबरोबर ओहोळातून बाहेर यायला लागतात आणि जिताडा नेमका ओहोळाच्या तोंडाशी वाट अडवून बसलेला असतो. भर अमावस्या-पौर्णिमेला ओढ इतकी असते की शिसं जागेवर ठरत नाही, आणि अष्टमीच्या आगेमागे, ज्याला आपण भांग म्हणतो, पाणी फार हलत नाही. भांगाच्या दिवसांत गरवायला जाऊच नये असं नाही, खोल धक्क्यावर किंवा खडपाच्या खोल बाजूला मासा मिळतो, पण वाट बघायची तयारी ठेवा.

अजून एक गणित, हे जीव वाचवणारं आहे. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी ४ मीटरच्या वर चढतं-उतरतं, म्हणजे तिसऱ्या तासात एका तासात एक मीटर पाणी वाढतं. सुकतीला चालत गेलेला दगड बघता बघता बेट होतो. सिंधुदुर्गात एकूण चढ-उतार दोन मीटरच्या आसपास असतो त्यामुळे तिकडे वेग कमी, पण प्रमाण तेच.

रिकाम्या हाताने गेल्यावर बघायचं काय

अमावस्या किंवा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा-सातला सुकती असते. त्या वेळेला जा. फोनवर फोटो काढत चला, आणि फोटोत मागचं एखादं न हलणारं चिन्ह येऊ द्या, माड, दीपस्तंभ, मंदिराचा कळस, काहीही. भरतीला सगळं पाण्याखाली गेल्यावर त्याच चिन्हावरून जागा सापडते.

बघायचं काय तर खडप आणि वाळू जिथे भेटते ती रेघ. मासे खडपाच्या डोक्यावर चरत नाहीत, ते या कडेने फिरतात. मग खडपातल्या घळ्या, म्हणजे दोन दगडांमधून पाणी आत-बाहेर करायची वाट. भरतीला मासा त्याच वाटेने आत येतो. खोल डबकी बघा, दगडाखालच्या कपारी बघा, त्यात गोबरा आणि तांबोशी राहतात. कालवं (दगडाला चिकटलेले धारदार शिंपले) कुठे जास्त आहेत, बारीक कुर्ल्या कुठे पळतायत, मुळे-तिसऱ्या कुठे मिळतात, हे सगळं माशांचं खाणं आहे, जिथे खाणं तिथे मासा. खाडीत असाल तर ओहोळ कुठे मिळतात, वळणावर कुठल्या बाजूला खोल आहे (नेहमी बाहेरच्या बाजूला असतं), पुलाच्या खांबाच्या मागे खड्डा पडलाय का, ते बघा. भाट्ये, जयगड, दाभोळ, बाणकोट, रेवदंडा, देवबाग, कुठलंही खाडीचं तोंड घ्या, दरवर्षी पावसाळ्यानंतर वाळूची जागा थोडी बदललेली असते, त्यामुळे ही फेरी दर ऑक्टोबरला नव्याने मारायची.

एकच जागा धरा आणि तिला वर्षभर द्या, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. आज काशीद उद्या हर्णै परवा देवगड असं फिरत राहिलात तर फोटो चांगले येतील पण कुठल्याच जागेची ओळख होणार नाही.

मोसम

नारळी पौर्णिमेपर्यंत खडपावर जायचं नाही, विषय संपला. पावसाळी लाट कधी कशी येईल सांगता येत नाही. त्यानंतर पाणी हळूहळू निवळतं आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा माझ्या मते वर्षातला सगळ्यात उत्तम काळ. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी थंड आणि जास्तच स्वच्छ असतं, मासा सावध होतो, लीडर (गळाजवळचा लाईनचा वेगळा तुकडा) बारीक करावा लागतो. मार्च ते मे परत चांगला. पावसाळ्यात आतल्या खाडीत, जोराच्या लाटेपासून लांब, सुरक्षित काठावरून जिताड्याचा नाद करता येतो.

पाण्याच्या रंगाकडे लक्ष द्या. पार काचेसारखं पाणी असेल तर उजाडायच्या आत आणि अंधार पडल्यावरच जा. थोडं हिरवट, हातभर आत दिसेल असं पाणी सगळ्यात भारी. चहासारखं गढूळ असेल तर लुअर (खोटं आमिष) घरी ठेवा आणि वासाचं आमिष घ्या. हिवाळ्याच्या तोंडाला कधी कधी रात्री लाटा निळ्या उजळतात, बघायला फार सुंदर, पण त्या रात्री आपली लाईनही पाण्यात चमकते आणि मला तरी अशा रात्री चावे कमीच मिळालेत.

सामान

सुरुवातीला एकच सेट पुरतो: ९ फुटी दोन तुकड्यांचा स्पिनिंग रॉड, १५ ते ४० ग्रॅम फेकणारा, आणि ४००० साईझचं रील. चार-पाच हजारांत कामचलाऊ जोडी येते. फक्त धक्क्यावरूनच गरवणार असाल तर ७ फुटी चालेल, पुळणीवरून (वाळूच्या किनाऱ्यावरून) लाटांच्या पलीकडे टाकायचं असेल तर ११-१२ फूट लागतो, पण तो नंतर. रील घेताना बेअरिंग किती यापेक्षा ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाईन सोडणारा रीलचा ब्रेक) गुळगुळीत सुटतो का हे बघा, हाताने लाईन ओढून बघायची, झटके देत सुटला तर ते रील नको.

लाईन म्हणून नवशिक्याने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरची मोनो (एकसंध नायलॉनची) घ्यावी. ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली लाईन) लांब जाते, चावा लगेच कळतो, पण कालवांच्या कडेला लागली की तुटते आणि वाऱ्यात गुंता झाला की अर्धा तास जातो. ब्रेड घेतलीच तर २० ते ३० पौंडाची घ्या आणि पुढे दोन हात तरी ४० पौंडाचा लीडर लावा. जिताड्याचं तोंड आतून खरखरीत असतं, लीडर घासून घासून तुटतो, म्हणून प्रत्येक माशानंतर शेवटचा वीतभर लीडर बोटांत फिरवून बघा आणि खडबडीत लागला तर कापून परत गाठ मारा. कंटाळा करू नका, मोठा मासा नेमका त्याच जागी तुटतो.

गळ १/० ते ३/० साईझचे, बोय आणि मुडदुशांसाठी अगदी बारीक. पक्कड, कात्री, डोक्यावरचा टॉर्च, पाणी, फडकं, छोटा बर्फाचा डबा. सनग्लासेस पोलराइज्ड असतील तर पाण्याखालचा दगड दिसतो, त्यावर पैसे खर्च करायला हरकत नाही.

गाठ आणि मांडणी

दोन गाठी नीट आल्या की पुष्कळ झालं. गळ बांधायला पालोमर: लाईन दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायची, त्या दुहेरी लाईनची साधी सैल गाठ मारायची, जो फास उरेल त्यातून अख्खा गळ काढायचा आणि थुंकीने ओलं करून हळू ओढायचं. कोरडी गाठ ओढली की लाईन तापते आणि तिथेच कमजोर होते. ब्रेडला लीडर जोडायला डबल युनी, ब्रेडच्या बाजूला सात-आठ वेढे आणि लीडरच्या बाजूला चार. घरी दिव्याखाली शिका, मग डोळे मिटून मारून बघा, कारण खडपावर पहाटे चारला वाऱ्यात तीच मारायची असते.

खाडीत आणि वाळूवर मोकळ्या शिशाची मांडणी करा. मुख्य लाईनमध्ये भोकाचं शिसं ओवायचं, मग एक मणी, मग स्विवेल (फिरती कडी), स्विवेलपासून दोन फूट लीडर आणि गळ. मासा आमिष घेऊन चालायला लागला की लाईन शिशातून मोकळी सरकते, त्याला वजन कळत नाही. शिसं ३० ग्रॅमपासून सुरू करा आणि जेवढ्यात जागेवर टिकतं तेवढंच ठेवा. थोडं हळूहळू सरकत राहिलं तर उलट चांगलं.

खडपावर हीच मांडणी केली की शिसं कपारीत अडकणार. तिथे एक युक्ती आहे आणि ती सगळ्यांनी वापरावी. शिसं मुख्य लाईनला न लावता स्विवेलला वीतभर कमजोर दोऱ्याने लटकवायचं, मुख्य लाईनच्या अर्ध्याहून कमी ताकदीचा दोरा. शिसं अडकलं तर ओढल्यावर तेवढा दोरा तुटतो, शिसं जातं, पण गळ, लीडर आणि असलाच तर मासा हातात येतो. शिशाऐवजी जुना नट किंवा गोटा बांधला तर अजून उत्तम, समुद्रात शिसं जात नाही आणि खर्चही नाही.

आमिष

ताजी कोळंबी, म्हणजे मालवणीत सुंगटां, हिला तोड नाही. जिवंत मिळाली तर शेपटीच्या टोकाजवळून किंवा डोक्यावरच्या शिंगाखालून गळ घाला, डोक्यातला काळा ठिपका टाळून, मग ती बराच वेळ हलत राहते. मेलेली असेल तर साल काढून शेपटीपासून वाकवून गळ भरायचा आणि टोक बाहेर ठेवायचं. टोक झाकलेलं असेल तर चावे येतील पण मासा लागणार नाही. बाजारात बर्फात दोन दिवस पडलेली गुलाबी झालेली कोळंबी घेऊ नका, शेंगटीशिवाय काही येत नाही.

म्हाकूल म्हणजे स्क्विड गळावर घट्ट राहतो, बारीक मासे टोचून टोचून आमिष खात असतील तेव्हा म्हाकूलची बोटभर पट्टी लावा. तारली, मालवणकडे जिला पेडवे म्हणतात, तेलकट असते, वास लांब जातो, गढूळ पाण्यात आणि रात्री हीच, पण मऊ असते म्हणून बारीक इलॅस्टिक दोऱ्याने गुंडाळा. खडपातली बारीक कुर्ली पाय मोडून लावली तर गोबरा आणि तांबोशी सोडत नाहीत. आणि जिवंत बोयट, चार बोटांएवढं, पाठीच्या पंखाच्या पुढे गळ घालून ओहोळाच्या तोंडाशी सोडलं तर जिताडा. बोयटं धरायला छोटं पाग (हाताने फेकायचं जाळं) असेल तर उत्तम, नसेल तर बारीक गळावर पिठाची गोळी लावून धरतात लोक.

टाकल्यावर

लांब टाकायचा हट्ट सोडा. खडपावर बहुतेक मासा तुमच्या पायापासून वीस-तीस मीटरच्या आत असतो, सुकतीला बघितलेली ती वाळू-दगडाची रेघ तिथेच असते. पहिली गरी नेहमी जवळ टाका, मग हळूहळू लांब. पहिल्यांदाच जोरात लांब फेकली की जवळचा मासा लाईनच्या सावलीने उधळतो. टॉर्च पाण्यावर मारू नका, आमिष लावताना पाठ पाण्याकडे न करता अंग तिरकं करून डबड्यावर उजेड घ्या.

ड्रॅग आधी लावून ठेवा. लाईनच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे २० पौंडाच्या लाईनला अडीच-तीन किलो. घरी स्प्रिंगचा वजनकाटा लाईनला बांधून ओढून बघितलं की हाताला अंदाज येतो.

चावा प्रत्येक माशाचा वेगळा. बारीक मासे टुकटुक करतात, त्यावर झटके मारत बसू नका. करकरा दोन-तीन ठोके देऊन मग ओढतो, बाहेर काढल्यावर करकर आवाज करतो त्यावरून नाव. शेंगटी जड ओझ्यासारखी येते. रावस वाळूच्या कडेने येतो, लाईन अचानक ढिली पडते कारण तो आमिष घेऊन तुमच्याच दिशेने पोहतो, पटपट गुंडाळून ताण घ्यायचा. जिताड्याचा ठोका एकदम, लगेच वर उडी. त्या वेळेला रॉडचं टोक खाली पाण्याकडे न्या आणि ताण ठेवा, टोक वर असेल तर तो डोकं झटकून गळ फेकतो. आणि तांबोशी, ही माझी सगळ्यात आवडती, ती चावता क्षणी कपारीकडे वळते. पहिले दोन सेकंद तिला द्यायचेच नाहीत. रॉड हातात असायलाच पाहिजे, दगडाच्या फटीत खोचून चहा पीत बसलात तर ती गेली. ड्रॅग घट्ट, रॉड आडवा, तीन-चार पावलं मागे सरकायला जागा आधीच बघून ठेवलेली, आणि जोरात ओढून मोकळ्या पाण्यात आणायची. एकदा दगडापासून सुटली की मग सावकाश. कपारीत गेलीच तर लाईन पूर्ण ढिली सोडून पाच-दहा मिनिटं थांबा, कधी कधी आपणहून बाहेर येते.

सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरत असाल तर झटका मारायचाच नाही, फक्त गुंडाळायचं. तो ओठाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो, आणि मासा सोडायचा असेल तर फारशी इजा होत नाही. मी आमिषासाठी आता हाच सुचवतो.

मासा वर घेताना लाटेबरोबर घ्या. लाट येताना ओढा, परतताना फक्त ताण धरा. लीडर हाताला गुंडाळून ओढू नका, बोट कापतं.

लुअर

थोडक्यात सांगतो. खाडीत १० ते १५ ग्रॅमच्या जिगहेडवर (डोक्याशी वजन असलेला गळ) तीन-चार इंची रबरी मासा, तळाला टेकवून दोनदा उचलायचा, परत टेकवायचा, चावा बहुतेक तो पडताना येतो. खडपावर फेसाळ पाण्यात मिनो (बारीक माशाच्या आकाराचा कडक लुअर), आणि लांबवर मासे उडताना दिसले तर २०-३० ग्रॅमची मेटल जिग (धातूचा लुअर) जोरात गुंडाळत आणायची, ट्रेव्हली आणि टोळ मिळतात. टोळाची चोच कडक असते, गळ बसत नाही, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

जीव आधी

खडपावर गेल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं रॉड पिशवीतच ठेवा आणि नुसत्या लाटा बघा. लाटा गटाने येतात, बऱ्याच लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या. दगड कुठपर्यंत ओला आहे ते बघा. ओल्या रेषेच्या वरच उभं राहायचं, आणि काळा-हिरवा बुळबुळीत दगड दिसला की त्यावर पाय द्यायचा नाही, मग खाली कितीही मोठा मासा असो. समुद्राकडे पाठ करायची नाही. परतायची वाट भरतीत बुडते का हे सुकतीलाच बघून ठेवलेलं असलं पाहिजे.

एकटं जाऊ नका. लाईफ जॅकेट घाला, लोक काय म्हणतील ते म्हणू दे. पायात पकड असलेले बंद बूट, कारण पडलात तर कालवांवर पडणार. सोबत १५-२० मीटर दोरी आणि तिच्या टोकाला बूच घट्ट लावलेला ५ लिटरचा रिकामा कॅन ठेवा. कोणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी टाकायची नाही, हा कॅन फेकायचा. पडलेल्या माणसाने खडपावर चढायची घाई न करता दगडांपासून लांब जाऊन तरंगत राहायचं आणि जवळच्या वाळूकडे किंवा दोरीकडे यायचं. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि नेहमीचा ११२, दोन्ही फोनमध्ये साठवून ठेवा. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचे इशारे देते, निघायच्या आदल्या रात्री ते बघायचेच. आभाळ निरभ्र, वारा नाही, आणि तरी लांबून आलेली मोठी लाट किनाऱ्यावर आपटते असं होतं. इशारा असेल तर त्या दिवशी घरी.

हात लावायच्या आधी ओळखा

शेंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे काटे असतात, विषारी. पायाखाली दाबून मग पक्कडीने गळ काढा, हाताने नाही. पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) वर आलं तर शेपटीकडून लांब राहून लाईन कापा. काटा लागलाच तर जखम धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, अर्धा ते दीड तास ठेवा. पाणी किती गरम आहे ते न दुखणाऱ्या हाताने बघायचं. मग डॉक्टरकडे जायचंच, काट्याचा तुकडा आत राहू शकतो. म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी नेत जा, चहाला लागतंच.

केंड, तो फुगणारा मासा, कधीच खायचा नाही. त्याचं विष शिजवून जात नाही. कोणी सांगितलं की आम्ही साफ करून खातो, तरी नाही. समुद्रसाप गळाला लागला तर लाईन कापून टाका, तो बहुधा जहाल विषारी असतो. जिताड्याच्या गालफडाची कड इतकी धारदार असते की कल्ल्याला धरलं तर बोट चिरतं, खालच्या ओठाला अंगठ्याने धरा.

गळ स्वतःच्या हातात रुतला तर ओढून काढायचा प्रयत्न नको, लाईन कापून दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. हे टाळायचं असेल तर सगळ्या गळांचे उलटे काटे पक्कडीने आधीच दाबून टाका. ताण ठेवला तर मासा त्याने जास्त सुटत नाही.

ठेवायचा कुठला, सोडायचा कुठला

जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतला मोठा जिताडा बहुतेक मादी. ती लाखो अंडी घालते. म्हणून माझं म्हणणं असं की अगदी लहान सोडा आणि खूप मोठाही सोडा, मधला घरी न्या. खूप मोठा पकडल्याचा आनंद फोटोत राहतोच. महाराष्ट्रात २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय, आपण जे धरतो त्यातल्या कुठल्या जाती त्या यादीत आहेत ते मत्स्य विभागाकडून समजून घ्या. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक बोटींना असते, पण तो माशांच्या विणीचा काळ आहे हे लक्षात ठेवून आपणही हात आवरता घ्यावा असं मला मनापासून वाटतं. समुद्री घोडा, करवत मासा, बहिरी म्हणजे व्हेल शार्क आणि महाकाय गोबरा कायद्याने संरक्षित आहेत, चुकून आले तर लगेच सोडायचे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिकडे गरवायचा विचार असेल तर आधी वन खात्याला विचारा.

सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फडक्याने पुसू नका, गरम दगडावर टाकू नका. एक फोटो, मग डोकं पाण्याच्या ओढीकडे करून धरा, स्वतः शेपटी मारून सुटेपर्यंत.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल किंवा जाळ्याचे बोये (तरंगते गोळे) दिसत असतील तर तिथे गरी टाकायची नाही. ती त्यांची रोजीरोटी आहे, आपली हौस. रापणकरांशी दोन शब्द बोला, कुठे काय चाललंय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं, आणि विचारलं की ते सांगतात. तुटलेली लाईन खिशात घालून घरी आणायची, त्यात पक्षी आणि कासवं अडकतात.

घरी नेताना

ठेवायचा मासा लगेच मारा, डोळ्याच्या थोडं मागे-वर टोचून, आणि कल्ला कापून रक्त जाऊ द्या. मग डब्यात बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळून त्यात बुडवा. नुसत्या बर्फावर ठेवला तर एक बाजू थंड होते, पाण्यात सगळीकडून थंडावा पोचतो. दोन तासांत आतडी काढा, विशेषतः एप्रिल-मे मध्ये. असा आणलेला तांबोशीचा तुकडा नुसत्या मीठ-हळद-आगळावर (कोकमाच्या रसावर) तव्यात टाकला तरी बाजारातल्या माशाशी त्याची तुलना होत नाही, आणि डोक्याचं तिखलं करायचं, ते टाकून देऊ नका.

जेवायच्या आधी रील धुवा. ड्रॅग घट्ट करून, गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नको कारण त्याने मीठ आत जातं. फडक्याने पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा. रॉडच्या कड्यांवरून ओलं फडकं फिरवा, गळ वेगळ्या पाण्यात खळबळून वाळवा. आणि त्याच दिवशी वहीत लिहा: तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, वारा कुठून, कुठल्या दगडापासून, कुठलं आमिष, काय लागलं आणि किती वाजता. काहीच लागलं नाही तर तेही लिहा, कारण पुढच्या वर्षी त्याच तिथीला त्याच जागी जायचं की नाही हे त्यावरूनच ठरतं.